ऑडिओ फाइलचे स्वरूप बदलण्यापूर्वीची तयारी

ऑडिओ फाइल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणारे मोफत सॉफ्टवेअर शोधायला बसले की काही क्षणांत डझनावारी नावे समोर येतात. प्रत्येक जण आपणच सर्वोत्तम असल्याचे सांगत असतो, त्यामुळे निवड सोपी होण्याऐवजी अधिकच अवघड होऊन बसते. हातातली फाइल नेमकी काय आहे आणि बदललेली फाइल कोणत्या कामासाठी हवी आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढली, तर त्यांतली बहुतेक नावे आपोआप गळतात. म्हणून ही यादी फाइलपासून सुरू होते. सॉफ्टवेअरची पाळी नंतर येते.

सर्वांत आधी फाइलची ओळख पटवून घ्यावी. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारे एक्स्टेन्शन ही केवळ पाटी असते आणि आत काय आहे याची हमी ती देत नाही. एम४ए हे खरे तर एक वेष्टन आहे. त्याच्या आत कोडेक, म्हणजे आवाज साठवण्याची पद्धत, वेगवेगळा असू शकतो: एएसी हा ध्वनीतला काही तपशील गाळून आकार कमी करणारा कोडेक असू शकतो, किंवा ॲपल लॉसलेस हा काहीही न गमावणारा कोडेकही असू शकतो, आणि या दोहोंचे पुढे काय करायचे याची उत्तरे अगदी वेगळी आहेत. मीडियाइन्फो हे छोटे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर अशा वेळी उपयोगी पडते. त्यात फाइल उघडली की फॉरमॅट, बिटरेट (दर सेकंदाच्या आवाजाला लागणारा डेटा, केबीपीएसमध्ये), सॅम्पल रेट (दर सेकंदाला घेतलेले ध्वनीचे नमुने), चॅनेलची संख्या आणि कालावधी एकत्र दिसतात; या पाचही गोष्टी टिपून ठेवाव्यात. नावात एमपी३ असलेल्या एखाद्या मुलाखतीच्या फाइलमध्ये ‘एएसी, ४४.१ किलोहर्ट्झ, १ चॅनेल, ६४ केबीपीएस’ अशी माहिती दिसली, तर कोणीतरी नुसते एक्स्टेन्शन बदलून फाइल पाठवली आहे, हे लगेच कळते. ती वाजत नसण्याचे कारण बहुधा तेवढेच असते आणि नाव दुरुस्त केल्यावर काही बदलण्याची गरजही उरत नाही. त्याचप्रमाणे अडचण फक्त वाजवण्याची असेल, तर आधी व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइल उघडून पाहावी; तिथे ती वाजली आणि ती दुसऱ्या कोणाला द्यायची नसेल, तर काम संपले. डीआरएमचे (विकत घेतलेल्या फाइलीची नक्कल रोखणारे) कुलूप असलेल्या फाइली मात्र या यादीतून बाजूला काढाव्यात, कारण पुढे सुचवलेली सॉफ्टवेअर त्या कुलपाला हात लावत नाहीत.

त्यानंतर बदललेली फाइल कुठे जाणार आहे ते ठरवावे. संपादन करायचे असेल तर वेव्ह, जतन करायचे असेल तर फ्लॅक, जुन्या-नव्या कोणत्याही यंत्रावर वाजायला हवी असेल तर एमपी३, आणि बोललेला आवाज कमीत कमी जागेत पाठवायचा असेल तर ऑपस, इतके ध्यानात ठेवले तरी नेहमीची कामे भागतात. आकारातला फरक किती मोठा असतो, हे एक तासाच्या भाषणाच्या एका चॅनेलच्या ध्वनिमुद्रणावरून स्पष्ट होईल. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटच्या वेव्हमध्ये ते सुमारे ३१७ एमबी जागा घेते, ६४ केबीपीएसच्या एमपी३मध्ये सुमारे २९ एमबी, तर ३२ केबीपीएसच्या ऑपसमध्ये १५ एमबीच्याही आत बसते आणि तरीही शब्द स्वच्छ ऐकू येतात. ऑपसचे मानक सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले असल्याने त्यापूर्वीची यंत्रे ते ओळखणार नाहीत, म्हणून ऐकणाऱ्याकडे कोणते उपकरण आहे हे विचारून घेणे इथे आवश्यक ठरते. वेव्हची मर्यादाही माहीत असावी: तिच्या शीर्षभागात आकार लिहिण्यासाठी ३२ बिटच राखलेले असल्यामुळे ती ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज पावणेसात तासांच्या आसपास त्या मर्यादेला टेकतो.

या टप्प्यावर एका गैरसमजाला थारा देऊ नये. एमपी३, एएसी, ऑपस यांसारखे कोडेक कानाला फारसा जाणवणार नाही असा तपशील कायमचा टाकून देतात. त्यामुळे एमपी३चे फ्लॅक केल्याने आकार वाढतो, दर्जा मात्र तसूभरही वाढत नाही, आणि एमपी३चे एएसी केले तर आधीच्या घटीवर नवी घट चढते. १२८ केबीपीएसची फाइल ३२० केबीपीएसची करून देण्याचे आश्वासन देणारे सॉफ्टवेअर म्हणूनच यादीतून खुशाल खोडावे. शंका असल्यास स्पेक या मोफत साधनात फाइलचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती आहे याचे चित्र, पाहता येतो: १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर चित्र एकदम काळे पडते, आणि ‘३२०’ म्हणून आलेल्या फाइलमध्ये तशी कापलेली कडा दिसली, तर ती कमी दर्जाच्या फाइलवरूनच फुगवलेली असण्याचा दाट संशय घ्यावा. याच्या उलट, व्हिडिओतला एएसी आवाज वेगळा काढून एम४एमध्ये ठेवायचा असेल तर पुन्हा एन्कोड करण्याचे, म्हणजे आवाज नव्याने कोडेकमधून काढण्याचे, कारण नाही. आतला प्रवाह जसाच्या तसा उचलून नव्या वेष्टनात ठेवता येतो, काही क्षणांत काम होते आणि दर्जाही टिकतो. एफएफएमपेग या आदेश टाइप करून चालवायच्या मोफत साधनात यासाठी कोडेकच्या जागी ‘कॉपी’ हा पर्याय द्यावा लागतो.

आता सॉफ्टवेअर. आधी संगणकात असलेलेच तपासावे: मॅकच्या फाइंडरमध्ये निवडलेल्या ऑडिओ फाइली एएसी किंवा ॲपल लॉसलेसमध्ये बदलण्याची सोय मुळातच आहे. एक-दोन फाइलींसाठी व्हीएलसीच्या मीडिया मेनूतला ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ पर्याय पुरतो, मात्र तिथे प्रगती वाजवण्याच्याच पट्टीवर दिसते आणि काम संपल्याचा ठळक संदेश मिळत नाही, याची कल्पना असावी. फोल्डरभर फाइली असतील तर नावाच्या मधोमध अपूर्णविराम असलेले ‘फ्रे:एसी’ माझ्या मते सर्वांत सरळ आहे; ते मुक्त स्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. आवाज कापायचा किंवा खरखर कमी करायची असेल तर ऑडॅसिटी हे मोफत ध्वनि-संपादन सॉफ्टवेअर घ्यावे, पण निव्वळ स्वरूप बदलण्यासाठी ते उघडणे म्हणजे उगाच मोठा पसारा मांडणे होय. शिवाय एम४ए आणि डब्ल्यूएमएसाठी त्याला सहसा एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी पुरवावी लागते. आदेश टाइप करण्याची तयारी असेल तर २००० साली सुरू झालेले एफएफएमपेग जवळपास सर्व काही करते.

शोध घेताना सापडणाऱ्या जुन्या सूचनांबाबत सावध राहावे. ऑडॅसिटीतून एमपी३ काढण्यासाठी लेम हा एन्कोडर वेगळा उतरवून घ्या, असे अजूनही ठिकठिकाणी लिहिलेले आढळते. एमपी३वरील पेटंटमुळे एकेकाळी ते खरे होते. पण त्या पेटंटांचा परवाना कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी संपला आणि २०१९ च्या २.३.२ आवृत्तीपासून लेम ऑडॅसिटीतच समाविष्ट आहे. जुनी सूचना पाळून अनोळखी ठिकाणाहून लेम आणणे म्हणजे गरज नसताना धोका पत्करणे आहे.

उतरवून घेण्याची जागा हा सर्वांत काळजीचा भाग आहे. नेहमी मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच जावे आणि शोधाच्या निकालांत सर्वांत वर दिसणारी जाहिरात टाळावी. पानावरचे सर्वांत मोठे हिरवे ‘डाउनलोड’ बटण अनेकदा भलत्याच उत्पादनाचे असते, तेव्हा क्लिक करण्यापूर्वी माउस त्यावर नेऊन खाली कोणता पत्ता उमटतो ते वाचावे. नावाजलेले भांडारही डोळे मिटून मानू नये; २०१५ मध्ये सोर्सफोर्जवर गिम्प या चित्र-संपादकाच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत जाहिरातींचे सॉफ्टवेअर जोडल्याचे उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला होता. एफएफएमपेगचा प्रकल्प स्वतः फक्त सोर्स कोड देतो आणि तयार प्रतींसाठी इतरांकडे बोट दाखवतो, त्यामुळे तिथे अधिकृत पानावरच्या दुव्यांनीच पुढे जावे. प्रकल्पाने एसएचए-२५६ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, फाइल बदलल्यास बदलणारा पडताळणी-आकडा) दिली असेल तर उतरवलेल्या फाइलशी ती ताडून पाहावी. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल हा आदेश आधीपासूनच असतो. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ पर्याय निवडून प्रत्येक चौकट वाचावी. शिवाय ‘मोफत’ म्हणून दिलेली चाचणी आवृत्ती फाइलचा काही भागच बदलून देत नाही ना, हे मोठ्या कामाला हात घालण्यापूर्वी पाहून घ्यावे.

ब्राउझरमधून चालणाऱ्या सेवांबद्दल इतकेच की फाइल परक्या सर्व्हरवर जाते. खाजगी संभाषण, वैद्यकीय नोंद किंवा कार्यालयीन बैठक तिथे चढवू नये.

सॉफ्टवेअर बसवल्यावर मूळ फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि बदललेल्या फाइलींसाठी नवा फोल्डर करावा, म्हणजे त्याच नावाची फाइल चुकून पुसली जाणार नाही. मग एकच फाइल बदलून पाहावी. तिची सुरुवात आणि शेवट ऐकावा, ‘स’, ‘श’ यांसारखे उच्चार आणि टाळ्यांचा आवाज चिरकत नाही ना हे हेडफोन लावून तपासावे, कारण कमी बिटरेटचे दोष आधी तिथेच उघडे पडतात. टॅगमधली, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या नाव-गायक वगैरे माहितीतली, देवनागरी शीर्षके नीट उमटतात का, हेही याच वेळी पाहावे. एमपी३च्या टॅगसाठी वापरल्या जाणाऱ्या आयडी३ या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइटच मिळतात आणि युनिकोडची सोय नाही, त्यामुळे अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली तर सेटिंगमध्ये दुसरी आवृत्ती निवडावी.

सगळे काम झाल्यावर दोन्ही फोल्डरांतल्या फाइलींची संख्या जुळवावी आणि कालावधी आधी टिपलेल्या आकड्यांशी ताडावा. एमपी३मध्ये सेकंदाच्या अंशाइतका फरक पडतो, तो सोडून द्यावा, मात्र मिनिटांचा फरक दिसला तर ती फाइल अर्धवट राहिली असे समजून पुन्हा करावी. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ बेरीज (तसाच एक पडताळणी-आकडा) साठवलेली असते, म्हणून त्याच्या ‘टेस्ट’ पर्यायाने फाइलच्या अखंडपणाची पडताळणी करता येते. वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोडेक आणि बिटरेट एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि मूळ फाइली हलवायच्या असतील तर त्या ही जुळवाजुळव पूर्ण झाल्यानंतरच हलवाव्यात.