तीन-चार वर्षांच्या मुलाला ग्रंथालयात नेताना

लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक बहुधा सोळा किंवा चोवीस पानांचं असतं. वाचून दाखवायला दहा मिनिटं पुरतात. आठवड्याला दोन धरली तर वर्षाला शंभर पुस्तकं लागतात. एकेक साठ-सत्तर रुपयांचं म्हटलं तरी सहा-सात हजारांचा हिशेब होतो, आणि त्यातली बरीचशी मुलाला आवडणारच नाहीत. ग्रंथालयात जायचं ते मुख्यतः या न आवडणाऱ्या पुस्तकांसाठी. विकत आणलेलं पुस्तक मुलानं दोन पानांत बाजूला सारलं की "एवढे पैसे घालून आणलंय, बघ तरी" हे तोंडून निघतंच. ग्रंथालयातलं नाही आवडलं तर उद्या परत. नावडतं पुस्तक सोडून द्यायची मोकळीक मिळाली, तरच आपल्याला काय आवडतं हे मुलाला कळू लागतं.

पहिल्यांदा मुलाला न घेता एकट्यानं जाऊन या. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यानुसार शासनमान्य झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अ वर्ग सर्वांत मोठ्या ग्रंथालयांचा. शहरातल्या जुन्या, मोठ्या संस्थांत मुलांची पुस्तकं जास्त सापडतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर 1840 पासून. पणजीला पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. तरी घराजवळचं लहान ग्रंथालय आधी बघा. चालत दहा मिनिटांवर असेल तरच दर आठवड्याला जाणं होतं, रिक्षा करून जायचं ग्रंथालय दुसऱ्या महिन्यात सुटतं.

तिथे चार गोष्टी विचारा: बालविभाग कधी उघडतो, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवस ठेवता येतात, उशीर झाला तर दंड किती. बरीच ग्रंथालयं दुपारी बंद असतात आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही. सभासद होताना फोटो, पत्त्याचा पुरावा, प्रवेश फी, वर्गणी आणि अनामत रक्कम लागते. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, पण पावती दाखवावी लागते. म्हणून पावती घरी फाइलला लावा, पाकिटात ठेवू नका. अगदी लहान मुलांना काही ठिकाणी स्वतंत्र सभासद करून घेत नाहीत. तिथे आई आणि बाबा दोघांनी कार्ड काढावं, म्हणजे पुस्तकंही दुप्पट मिळतात.

खरी अडचण पुढे येते. पुष्कळ ठिकाणी मुलांची पुस्तकं कुलपाच्या कपाटात असतात आणि टिकावीत म्हणून त्यांना खाकी कव्हर किंवा कापडी बांधणी केलेली असते. मुलाला दिसतात त्या फक्त ओळीनं उभ्या पाठी आणि त्यांवर चिकटवलेले आकडे. ज्याला अजून वाचता येत नाही त्यानं यातून काय निवडावं? मूल दोन मिनिटांत कंटाळतं आणि पालकांना वाटतं, याला पुस्तकांची आवडच नाही. उपाय साधा आहे. ग्रंथपालांना विनंती करून पंधरा-वीस पातळ पुस्तकं बाहेर काढून घ्या, टेबलावर किंवा सतरंजीवर मांडा आणि प्रत्येक पुस्तक मधल्या एखाद्या मोठ्या चित्राच्या पानावर उघडून ठेवा. मग मुलाला सोडा. निघताना सगळी गोळा करून ग्रंथपालांच्या हातात द्या. स्वतः कपाटात कोंबू नका, चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्या वाचकाला सापडत नाही.

वेळ निवडताना मूल झोपून उठलेलं, खाऊन झालेलं असू द्या. पहिल्या दोन-तीन खेपांना वीस मिनिटं पुष्कळ झाली. कार्डावर दोन पुस्तकं मिळत असतील तर एक मुलानं निवडावं, एक तुम्ही. त्यानं सलग चौथ्यांदा तेच ट्रकचं पुस्तक उचललं तरी घेऊ द्या. पाठ झालेल्या गोष्टीतच मुलं पुढचा शब्द आधी म्हणायला शिकतात. कुणाची मागणी नसेल तर पुस्तकाची मुदत वाढवून मिळते.

तुमच्या वाट्याचं पुस्तक जागेवरच एक पान मोठ्यानं वाचून पारखा. तीन वर्षांच्या मुलाला पानावर एक-दोन ओळी पुरतात. वाक्यं बोलल्यासारखी हवीत. "तदनंतर", "प्रस्थान केले" असं आलं की ठेवून द्या. स्वतः वाचू लागलेल्या मुलाचं घोडं जोडाक्षरांशी अडतं. एका पानावर पाच शब्दांना अडखळलं, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी तर हे वाचून दाखवणं फार मोलाचं आहे. त्यांना मराठी बोलता येतं, पण छापलेली मराठी समोर येत नाही. ओळीखालून बोट फिरवत रोज दहा मिनिटं वाचा. मध्ये थांबून प्रश्न विचारू नका, गोष्टीची परीक्षा झाली की मूल उठून जातं.

पान फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका. ती वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि पान कडेनं पुन्हा फाटतं. फाटका तुकडा जपून त्याच पानात ठेवा आणि परत देताना सांगा, दुरुस्ती ग्रंथालयाला करू द्या. पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. थोड्या थोड्या पानांनंतर कोरा कागद घालून पंख्याखाली उभं ठेवा आणि कागद बदलत राहा. अशी पाळी येऊ नये म्हणून ग्रंथालयाच्या पुस्तकांना घरात एक ठरलेली पिशवी ठेवा, दाराजवळच्या खुंटीला. हरवलेलं पुस्तक बहुतेक वेळा घरच्याच पुस्तकांत मिसळलेलं असतं.

बालविभागात नवं काही नसेल तर मागणीच्या वहीत पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव नीट लिहा, इतर पालकांनाही लिहायला सांगा. वहीत मागणीच नसेल, तर मोठ्यांच्या कादंबऱ्या आधी येतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान बालविभागासाठी ग्रंथालयांना साहाय्य करतं, हेही कार्यवाहांच्या कानावर घाला.

परत करायच्या दिवशी पुस्तक मुलाच्या हातात द्या. देवघेवीचं टेबल उंच असतं, तेव्हा त्याला उचलून धरा आणि मागच्या पट्टीवर नव्या तारखेचा शिक्का पडताना बघू द्या.