पहिलं वेल्डिंग मशीन घेताना

गेट, पत्र्याची शेड, ट्रॉलीची किरकोळ डागडुजी एवढंच करायचं असेल, तर सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर आर्क मशीन (रॉडने वेल्डिंग करणारं, हलकं इलेक्ट्रॉनिक मशीन) घ्या. जुनी ट्रान्सफॉर्मर मशीनं दणकट खरी, पण जड, आणि घरच्या वायरिंगला सहसा झेपत नाहीत. मिगचा, म्हणजे रॉडऐवजी आपोआप सरकणाऱ्या तारेने वेल्डिंग करणाऱ्या मशीनचा, मोह सध्या आवरा.

खोक्यावरच्या ठळक ‘२००’ अँपिअरला भुलू नका. मशीनवरची माहितीची पट्टी वाचा: ड्युटी सायकल किती अँपिअरला दिली आहे? ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. शिकताना २.५ मिमीचा ६०१३ प्रकारचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो, त्यामुळे खरे १४० मिळाले तरी पुष्कळ. गावाकडे व्होल्टेज पडतं, तेव्हा किती व्होल्टपर्यंत मशीन तग धरतं हे दुकानदाराला आधी विचारा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

वाचलेले पैसे हेल्मेटवर घाला. साधा काळा गॉगल अजिबात चालत नाही. १० किंवा ११ नंबरची काच हवी. शिवाय चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. जोडणी अर्थिंग तपासून, किमान १६ अँपिअरच्या सॉकेटवर. टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर तर नाहीच नाही.