पोटाच्या ऑपरेशननंतर बाळाचं दुखणं: या चुका टाळा

‘शांत पडलंय, म्हणजे दुखत नसेल.’ सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. रडलं की पोट ताणलं जातं, टाके ओढले जातात. म्हणून मूल कधीकधी रडतही नाही. जवळ जाऊन बघा. गुडघे पोटाशी ओढलेले, मुठी आवळलेल्या, कपाळावर आठ्या, श्वास वरच्या वर. दुखतंय त्याला. 2 महिने ते 7 वर्षांच्या मुलांसाठी ‘फ्लॅक’ नावाची मोजणी आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. आईबाबांनीही याच पाच गोष्टींवर नजर ठेवावी. तान्ह्या बाळांना वेदना कळत नाहीत, असं 1980 च्या दशकापर्यंत कित्येक डॉक्टरही मानत. ते साफ चूक होतं.

दुसरी चूक, रडेपर्यंत औषध न देणं. ऑपरेशनच्या वेळी कमरेत दिलेल्या भुलीचा असर काही तासांत उतरतो, आणि दुखणं एकदा चढलं की लवकर आवरत नाही. पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी सांगितलेले डोस घड्याळ बघून द्या, रात्रीचेसुद्धा.

मला खरी धास्ती वाटते ती ड्रॉप्स आणि सिरपच्या घोटाळ्याची. दोन्हींवर पॅरासिटामॉलच लिहिलेलं असतं. पण काही ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिग्रॅ असतं, तर काही सिरपमध्ये 5 मिलीत 120 मिग्रॅ. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले, तर चौपटीहून जास्त औषध पोटात जातं आणि लिव्हरवर बेततं. डोस वजनावर ठरतो, म्हणून चिठ्ठीवर मिग्रॅ आणि मिली दोन्ही लिहून घ्या. घरातला चमचा नको, सिरिंजनेच मोजा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं. आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नाही. ॲस्पिरिन मुळीच नाही. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची कडक औषधंही 12 वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, त्याने श्वास मंदावू शकतो.

डोस देऊनही रडतंय? भूक, तुंबलेली लघवी, सलाईनचा सुजलेला हात, टाक्यांवर घासणारा डायपर, एकेक तपासा. काखेत धरून उचलू नका. एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेखाली. मोठ्या मुलाला खोकताना पोटाशी उशी धरायला द्या.

हिरवी उलटी, फुगलेलं कडक पोट, ताप, लाल किंवा वाहणारी जखम, लघवी बंद, हलवूनही नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या डोसची वाट बघू नका, तडक डॉक्टरांकडे न्या.