दमट हवेत अँथ्रासीनचा अवरक्त वर्णपट
गोव्याच्या पावसाळ्यात, विशेषतः ताळगावच्या पठारावर ढग उतरलेले असताना, नमुना ज्यात मिसळतात ते पोटॅशियम ब्रोमाइड (अवरक्त किरण आरपार जाऊ देणारे मीठ) ओलावा झपाट्याने ओढते. म्हणून ते ११०° सेल्सियसला रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्येच (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) निववावे. शंभर भाग ब्रोमाइडमध्ये एक भाग अँथ्रासीन (तीन बेंझीन वलये जोडलेला हायड्रोकार्बन) खलात घोटून दाबयंत्राने चकती करावी. (त्याऐवजी डांबरगोळीतले नॅफ्थलीन घेणे टाळावे, ते उडून जाते.) चकती दुधी दिसल्यास, किंवा वर्णपटात ३४०० सेंमी⁻¹ (दर सेंटिमीटरमधील तरंगांची संख्या) जवळ रुंद फुगवटा आल्यास, पाणी शिरले असे समजून ती टाकून द्यावी. मग अँथ्रासीनचा ८८४ सेंमी⁻¹ चा पट्टा शोधावा: १०,००० ला या आकड्याने भागल्यास ११.३ मायक्रोमीटर ही तरंगलांबी मिळते, आणि मृगातील तेजोमेघातही तेथेच ठळक उत्सर्जन दिसते. त्यावरून तेथे अँथ्रासीनच आहे असे मात्र म्हणू नये, कारण या पट्ट्यामागचे, म्हणजे वलयावर शेजारी दुसरा हायड्रोजन नसलेल्या एकट्या हायड्रोजनचे रेणूच्या प्रतलाबाहेरील कंपन, अशा अनेक वलययुक्त रेणूंत आढळते.