मृगाआधी मोटारीच्या केबलचा पाइप बघून घ्या

पहिला दमदार पाऊस झाला की विहिरीवरची मोटार ट्रिप मारायला लागते आणि आपण ती उचलून रिवायंडिंगला, म्हणजे आतली तार नव्याने भरायला नेतो. त्याआधी स्टार्टरची पेटी उघडा. झाकणाला आतून दव, टर्मिनलवर हिरवट थर आणि खालच्या भोकातून ओल्या मातीचा वास असेल, तर ओल जमिनीखालच्या केबलच्या पाइपातून वर येतेय.

पेटीत हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि खिशात ठेवा. ‘लाइट नाहीये’ या भरवशावर राहू नका; ऑटो स्विच बसवलेला असेल तर लाइट आल्याबरोबर मोटार चालू होते.

पाइपात पाणी कधी ना कधी जाणारच, असं धरूनच चाला. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि त्या ओढाताणीत पीव्हीसीचे सांधे सुटतात. सांधे शाबूत असले तरी पावसाळी दमट हवा आत शिरून गार पाइपाला घाम सुटतो. थंडीत उलटं होतं. जमीन उबदार, पत्र्याची पेटी गार. वाफ वर चढते आणि पेटीतच तिचे थेंब होतात. गव्हाला रात्रीचं पाणी देताना स्टार्टर रुसतो, त्यामागे कधीकधी हेच असतं.

म्हणून पाइपाला पेटीपासून विहिरीकडे उतार द्या. दहा फुटांना एक इंच पुरे. विहिरीकडचं तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर काढून त्याला जाळी बांधा, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप विहिरीत पडेल आणि उंदीर शिरणार नाहीत. पेटीकडचं तोंड मात्र घट्ट बंद हवं. चिंध्या, गोणपाट कोंबू नका, ते वातीसारखं पाणी ओढतं. सिमेंटही नको, उद्या केबल बदलायची तर पाइपच फोडावा लागेल. तोंड कोरडं करून सिलिकॉन भरा.

केबलचा जोड पाइपाच्या पोटात कधीच ठेवू नका. काळी टेप कितीही गुंडाळली तरी तिथे पाणी शिरतंच. जोड टाळता येत नसेल तर तो जमिनीच्या वर, बंद पेटीत घ्या.

आणि वायरमन आलाच आहे तर केबल दोन्ही टोकांना सोडवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायला सांगा. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं, तर ती केबल पावसाळ्याआधीच बदला.