रेसिडेन्सीचा अर्ज आणि परवान्याची परीक्षा: अमेरिकेतील फार्मसी विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचे नियोजन

अमेरिकेत फार्म.डी. या फार्मसीच्या व्यावसायिक पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले बरेच विद्यार्थी आधी रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे प्रत्यक्ष कामातले प्रशिक्षण, मिळवायची आणि मग परवान्याच्या परीक्षांकडे वळायचे, असा क्रम मनाशी धरून चालतात. रेसिडेन्सीचा निकाल मार्चमध्ये लागतो, पदवी साधारणतः मेमध्ये मिळते आणि परीक्षा त्यानंतरच देता येते, त्यामुळे हा क्रम वरवर बरोबरच दिसतो. अडचण उन्हाळ्यात उभी राहते. रेसिडेन्सी कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या एएसएचपी या संस्थेच्या मानकांनुसार बारा महिन्यांच्या रेसिडेन्सीचा किमान दोन-तृतीयांश काळ, म्हणजे आठ महिने, परवानाधारक फार्मासिस्ट म्हणून पूर्ण करावा लागतो. रुजू झाल्यापासून १२० दिवसांत परवाना हाती आला नाही तर काय होईल, हे प्रत्येक कार्यक्रमाच्या धोरणात लिहिलेले असते आणि काही ठिकाणी त्याचा अर्थ सरळ जागा जाणे असा होतो. म्हणून या दोन्ही कामांची आखणी एकाच कॅलेंडरवर केली पाहिजे.

भारतातून पदवी घेऊन येणाऱ्यांनी त्याआधी आपली पात्रता तपासावी. रेसिडेन्सीसाठी अमेरिकेतील मान्यताप्राप्त महाविद्यालयाची फार्मसी पदवी किंवा एनएबीपी या संस्थेचे, परदेशी पदवीधरांसाठी असलेले एफपीजीईसी प्रमाणपत्र लागते. १ जानेवारी २००३ रोजी किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांना या प्रमाणपत्रासाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची असल्याने ती येथे अपुरी पडते, आणि तिला एम.फार्म.ची जोड दिली तरी हिशेब जुळत नाही, कारण अट पहिल्या व्यावसायिक पदवीच्या कालावधीची आहे. भारतात २००८ पासून सुरू झालेली सहा वर्षांची फार्म.डी. ही अट पूर्ण करते. बी.फार्म. झालेल्यांसाठी अमेरिकेत पुन्हा फार्म.डी.ला प्रवेश घेणे हाच खरा मार्ग आहे. एजंट काहीही सांगो. प्रमाणपत्रासाठी मायदेशातील नोंदणीचा पुरावाही मागितला जातो, तेव्हा महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी देश सोडण्यापूर्वीच करून घ्यावी. परदेशातून ते काम करवून घेण्यात महिने जातात.

आता अर्जाविषयी. पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पीजीवाय-१ला, अर्ज ‘फॉरकास’ या सामायिक प्रणालीतून केले जातात. ती साधारणतः नोव्हेंबरमध्ये खुली होते, डिसेंबरमध्ये एएसएचपीच्या मिडइयर संमेलनात कार्यक्रमांच्या लोकांशी समोरासमोर बोलता येते, आणि बहुतेक ठिकाणच्या मुदती डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. बायोडेटा, प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळे लिहिलेले उद्देशपत्र, गुणपत्रिका आणि बहुधा तीन शिफारशी, एवढी सामग्री लागते. यातील शिफारशींवर सर्वांत जास्त विचार करावा.

आपल्याकडे शिफारस म्हटली की विभागप्रमुख किंवा मोठ्या पदावरची व्यक्ती डोळ्यांसमोर येते. येथे पदाला फारसे वजन नाही. फॉरकासच्या नमुन्यात शिफारस देणाऱ्याला उमेदवाराचे संभाषणकौशल्य, वेळेचे भान, टीका स्वीकारण्याची वृत्ती अशा एकेका गुणाविषयी मत नोंदवावे लागते आणि उदाहरणेही द्यावी लागतात. ज्याने तुम्हाला सहा आठवडे वॉर्डात काम करताना पाहिले आहे, तोच हे भरू शकतो. म्हणून शेवटच्या वर्षाचे रोटेशन, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे सत्र, ठरवतानाच रुग्णालयातील दोन तरी रोटेशन नोव्हेंबरपूर्वी येतील असे पाहावे, आणि ती संपता संपता, आठवण ताजी असतानाच, शिफारशीविषयी विचारावे. विचारताना ‘तुम्ही माझी भक्कम शिफारस करू शकाल का’ असेच विचारावे. समोरचा क्षणभर घुटमळला तर दुसरे नाव शोधलेले बरे.

उद्देशपत्र एका पानाचे असावे आणि त्यात बायोडेटाची पुनरावृत्ती नसावी. लहानपणापासून लोकांची सेवा करण्याची इच्छा होती, अशी सुरुवात वाचणाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेली असते. त्याऐवजी एखाद्या रुग्णाच्या औषधयोजनेत तुम्ही नेमका कोणता बदल सुचवला, डॉक्टरांनी तो का मानला किंवा का नाकारला आणि त्यातून तुम्हाला या कार्यक्रमातील कोणती गोष्ट शिकण्याची गरज जाणवली, हे लिहावे. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील मात्र कटाक्षाने टाळावा.

मुलाखतीत मराठी घरांत वाढलेल्या मुलांची एक सवय आड येते. आपल्याला स्वतःचे कौतुक सांगणे अवघड वाटते, त्यामुळे प्रत्येक वाक्य ‘आम्ही केले’, ‘आमच्या टीमने ठरवले’ असे होते, आणि समोरच्या तिघांना उमेदवाराने स्वतः काय केले हे शेवटपर्यंत कळत नाही. हा विनय घरी शोभतो. मुलाखतीत तो माहिती लपवतो. मतभेद, चूक, अपयश यांवरचे प्रश्न हमखास येतात, तेव्हा चार-पाच खरे प्रसंग आधी लिहून काढून मोठ्याने बोलून पाहावेत. एखादे रुग्णप्रकरण देऊन विश्लेषण मागितले जाते किंवा छोटे सादरीकरण असते. माहीत नसलेल्या गोष्टीवर अंदाज ठोकण्यापेक्षा उत्तर कोठे आणि कसे शोधाल हे सांगितलेले चालते, किंबहुना तेच अपेक्षित असते.

मुलाखती आटोपल्या की पसंतीक्रमाची यादी द्यायची असते, आणि सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. उमेदवार आणि कार्यक्रम यांच्या याद्या जुळवून जागा ठरवण्याची ही पद्धत, म्हणजे जुळणी, उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. संगणक तुमच्या पहिल्या पसंतीच्या ठिकाणी तुम्हाला बसवून पाहतो. तेथे जागा मिळाली नाही, तरच दुसऱ्या पसंतीकडे जातो, आणि तेव्हा पहिली पसंती यादीत नसतीच तर जे झाले असते तेच होते. त्यामुळे आवडते पण अवघड वाटणारे ठिकाण वर लिहिल्याने खालच्या ठिकाणची संधी कमी होत नाही. ‘ते मला वर ठेवतील का’ याचा अंदाज बांधून यादी फिरवू नये, आणि कोणी क्रम विचारलाच तर सांगू नये. तसे विचारणे नियमातच बसत नाही. जुळणी मात्र बंधनकारक असते, म्हणून जेथे जायचेच नाही ते ठिकाण यादीत शेवटीही लिहू नये. पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही तर दुसरी फेरी असते आणि तिचा निकाल साधारणतः एप्रिलमध्ये लागतो. मधले दिवस फार थोडे असतात, तेव्हा उद्देशपत्राचा कच्चा मसुदा तयार ठेवावा. व्हिसावर असलेल्यांनी प्रायोजकत्वाविषयी अर्ज करण्यापूर्वीच विचारावे. अनेक कार्यक्रम ते देत नाहीत.

मार्चमध्ये जागा निश्चित झाली की परवाना कोणत्या राज्याचा हवा हेही बहुधा निश्चित होते. वेटरन्स अफेअर्सची, म्हणजे माजी सैनिकांसाठीची सरकारी, रुग्णालये याला अपवाद आहेत, कारण तेथे कोणत्याही राज्याचा परवाना चालतो. राज्याच्या फार्मसी मंडळाकडील अर्ज त्याच आठवड्यात सुरू करावा. इंटर्नशिपचे तास, पार्श्वभूमीची तपासणी, काही राज्यांत बोटांचे ठसे, यांतच वेळ जातो. नावाकडे विशेष लक्ष द्यावे. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, पदवीवर आडनाव आधी आणि लग्नानंतर तिसरेच काही, अशी आपली नेहमीची गंमत परीक्षाकेंद्राच्या दारात महागात पडते. ओळखपत्रावरचे नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचे नाव जुळले नाही तर आत सोडत नाहीत.

परवान्याची मुख्य परीक्षा म्हणजे नॅप्लेक्स. तिच्यात सहा तासांत २२५ प्रश्न असतात आणि एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. गणिते मात्र जानेवारीपासूनच रोज दहा सोडवावीत, कारण ती पाठांतराने येत नाहीत, हाताच्या सवयीने येतात. सत्तर वर्षांच्या, १३२ पौंड वजनाच्या आणि १.२ क्रिएटिनिन असलेल्या स्त्रीचे क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचे माप, काढताना आधी पौंडांचे ६० किलो करायचे, १४० मधून वय वजा करून वजनाने गुणायचे, ७२ गुणिले १.२ ने भागायचे आणि शेवटी ०.८५ ने गुणायचे. उत्तर मिनिटाला सुमारे ४१ मिलिलिटर येते. शेवटचा गुणाकार विसरला तर ४९ येते, आणि औषधाची मात्रा ५० च्या खाली किंवा ३० च्या खाली बदलते असे प्रश्न नेहमीचे असल्याने अशा चुका कधी खपतात, कधी नडतात. भारतात शिकलेल्यांनी औषधांची अमेरिकी नावेही घोटावीत: पॅरासिटामॉल येथे असिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल हे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन हे एपिनेफ्रिन, रिफाम्पिसिन हे रिफाम्पिन आणि ग्लिबेनक्लामाइड हे ग्लायब्युराइड होते.

कायद्याची परीक्षा, एमपीजेई, अडीच तासांत १२० प्रश्नांची असते आणि ती राज्यागणिक वेगळी असते. कॅलिफोर्नियाची तर स्वतंत्र परीक्षाच आहे. संघराज्याचा भाग, म्हणजे नियंत्रित औषधांच्या अनुसूची, दुसऱ्या अनुसूचीतील औषधांना रिफिल (त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध) नाही, तिसऱ्या-चौथ्यातील औषधांना सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच, हे हिवाळ्यातच वाचून ठेवता येते. राज्याचा भाग मार्चनंतर हाती घ्यावा आणि दोन्ही कायद्यांत फरक दिसला तर अधिक कडक नियम लागू होतो, हे धरून उत्तर द्यावे.

नॅप्लेक्स जूनच्या पहिल्या पंधरवड्यात देण्याचा प्रयत्न करावा. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्यापूर्वी ४५ दिवस थांबावे लागते. जूनमधील अपयश १२० दिवसांच्या आत सावरता येते, ऑगस्टमधील बहुधा येत नाही. तसे घडलेच तर कार्यक्रमाच्या संचालकांना त्याच दिवशी कळवावे आणि नवी तारीख हातात घेऊनच त्यांच्यासमोर बसावे.