सहा ठेवले, चार उरले : झाडावरचे टारंटुला एकत्र ठेवताना या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या घरात हिशेब चुकल्याचं पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. तुळशीला पाणी घालून ती आत आली, शेल्फवरच्या टारंटुलांच्या, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांच्या, पेटीसमोर जराशी थांबली आणि म्हणाली, "अगं, पाचच दिसतायत. सहा होते ना?" मी म्हटलं, लपायच्या नळीत बसला असेल. चार दिवसांनी नळी बाहेर काढली तेव्हा तळाशी तीन पाय आणि पाठीच्या कवचाचा तुकडा मिळाला. बाकी काहीच उरलं नव्हतं.

ती सहाही पिंक टो, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले झाडावर राहणारे अ‍ॅविक्युलॅरिया. अंड्यांच्या एकाच पिशवीतली भावंडं, सगळी नखाएवढी. लहानपणी यांचे पाय गुलाबी आणि टोकं काळी असतात. मोठेपणी रंग उलटतो, पाय काळे होतात आणि टोकं गुलाबी. तो बदल सहा वेळा शेजारी शेजारी बघायला मिळेल, हाच माझा मोह होता. आता दोन वर्षांनी सांगते, एकत्र ठेवण्यात कोळ्याचा काडीचाही फायदा नाही. हौस आपली असते. ते एकदा कबूल केलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

"मस्त जमलंय त्यांचं"

सगळ्यात महागात पडते ती ही समजूत. एकाच फांदीवर दोन कोळी पाय टेकून बसले की आपण फोटो काढतो आणि त्याला मैत्री म्हणतो. ते एकमेकांना फक्त खपवून घेत असतात, तेही पोट भरलेलं असेल आणि लपायला जागा असेल तोवर. सहा महिने शांततेत गेले म्हणून सातवा जाईलच असं नाही.

एकत्र राहण्यात त्यातल्या त्यात नाव आहे ते पोसिलोथेरियाचं. झाडावरच्या टारंटुलांचा हा वंश भारत आणि श्रीलंकेतला. निसर्गात आई आणि पिल्लं एकाच झाडाच्या ढोलीत राहिलेली दिसतात. पण नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात, म्हणून बचावाची सगळी मदार चाव्यावर आणि वेगावर. झाकण उघडल्यावर तो कुठे गेला हे डोळ्याला कळत नाही. चाव्यानंतर स्नायूंना जबरदस्त गोळे येतात आणि ते कित्येक दिवस पुन्हा पुन्हा उठू शकतात. त्यावर प्रतिविष नाही. अशा सहा जणांच्या पेटीत चिमटा घालायचा म्हणजे एकाकडे बघताना पाच जण पाठीमागे. शिवाय २०१९ पासून हा अख्खा वंश साइटसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. रानातून उचलून आणणं तर विसराच. कुठलीही जात घेण्याआधी वनविभागात विचारा आणि विकणाऱ्याकडून कागद मागा.

नंतर आणलेला पाहुणा

एक गेला म्हणून त्याच्या जागी दुसरा आणून सोडणं म्हणजे त्याला ताटात वाढणं. एकत्र ठेवायचेच तर अंड्यांच्या एकाच पिशवीतले, एका मापाचे, पहिल्या दिवसापासून. दोन जाती मिसळू नयेत, मग दोन्ही कितीही गरीब स्वभावाच्या असोत.

भावंडंसुद्धा सारखी वाढत नाहीत, हे मला उशिरा उमजलं. एक भराभर खातो, दोन काती जास्त टाकतो आणि बघता बघता बाकीच्यांच्या दीडपट होतो. हा दादा दिसला की त्याला त्याच दिवशी वेगळ्या डब्यात हलवायचं. मी "पुढच्या रविवारी" म्हणत राहिले.

कात की मेलेला कोळी?

रोज मोजा. आई पोळ्या मोजते तसे. आकडा वहीत लिहा, कारण डोक्यातला आकडा आपल्या सोयीने बदलतो. दोन दिवस कमी दिसला तर नळ्या उघडून बघायच्या, आणि तळाशी कोळ्यासारखं काही पडलेलं दिसलं तर ते नीट तपासायचं. कात असेल तर पाठीचं कवच डबीच्या झाकणासारखं उघडलेलं असतं, आत पोकळ, पाय आठही जागेवर, पोटाची त्वचा फुग्यासारखी चुरगळलेली. फुंकर मारली की हलते. खाल्लेला असेल तर पाय सुटे, काही कुरतडलेले, आणि बाजूला एक काळपट ओलसर गोळी. माझ्या पहिल्या बळीच्या आधी पेटीत एक कात सापडली होती. मी खुशीत ती डबीत जपून ठेवली आणि त्या नादात मोजायची राहिले.

कात टाकल्यावर काही दिवस कोळ्याचं अंग मऊ असतं आणि सुळे आधी पांढरे, मग लालसर, शेवटी काळे होतात. एकत्र पेटीतली सगळ्यात धोक्याची वेळ हीच. शेजाऱ्याचा धोका असतोच, पण खाद्य म्हणून टाकलेला आणि मोकाट सुटलेला रातकिडा किंवा सुपरवर्म अळीही मऊ कोळ्याला कुरतडते.

खाणं

उपाशी कोळ्यासाठी भाऊ म्हणजे खाद्यच. पिल्लांना दोन-तीन दिवसांनी द्या, भक्ष्य त्यांच्या पोटाहून मोठं नको, आणि एकाच कोपऱ्यात न टाकता प्रत्येकाच्या तोंडापुढे चिमट्याने धरा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा.

पुण्याची हवा

झाडावरच्या कोळ्याला दमटपणा लागतो असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि मग आपण जुलैतही सकाळ-संध्याकाळ फवारा मारतो. पुण्यात पावसाळ्यात कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथे बंद पेटीत आणखी पाणी कशाला? ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की पिंक टोची पिल्लं पटापट मरतात. हवा आरपार जायला हवी, म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना भोकं हवीत, नुसत्या झाकणाला पुरत नाहीत. मी अ‍ॅक्रिलिकला सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने भोकं पाडली, गॅलरीत बसून, कारण त्या धुराने डोकं दुखतं. भोक कोळ्याच्या डोक्यापेक्षा बारीक ठेवा. पाण्याची वाटी कायम भरलेली, कोकोपीटचा एक कोपरा ओलसर, बाकी कोरडं. नर्सरीत कोकोपीट घेताना खत मिसळलेलं नाही ना, हे विचारा.

थंडीत बल्ब लावू नका. डिसेंबरात बाहेरचा पारा दहाच्या आसपास उतरला तरी घरात आपल्याला सोसतं तेवढं त्यांनाही सोसतं. फक्त कमी खातात. मे महिन्यात मात्र वरच्या मजल्याच्या तापलेल्या भिंतीपासून पेटी दूर, खालच्या फळीवर ठेवा.

आणि डासांचं मशीन. टारंटुला काही कीटक नव्हे, पण डास मारणाऱ्या औषधाला तो फरक कळत नाही. पेटीच्या खोलीत मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे काहीच नको. गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद. आमच्याकडे त्या खोलीला मच्छरदाणी आहे, कोळ्यांमुळे मिळालेली.

घर कमी, भाडेकरू जास्त

सहा कोळ्यांना सहा नळ्या पुरत नाहीत, नऊ-दहा लागतात, उभ्या आणि वेगवेगळ्या उंचीच्या. कॉर्क महाग पडतं म्हणून मी बुरुड आळीतून बांबूचे तुकडे आणले, उकळले, कडक उन्हात वाळवले. किडीसाठी औषध मारलेला बांबू नको, हे आधी स्पष्ट सांगा. पावसाळ्यात बांबूला बुरशी धरते, तेव्हा तुकडे बदलत राहा. दार पुढून उघडणारं घ्या. पिंक टो वरच्या कोपऱ्यात जाळ्याचा बोगदा विणतो, आणि वरचं झाकण उचललं की प्रत्येक वेळी त्यांचं छप्पर फाटतं. मी पहिले चार महिने तेच करत होते. छप्पर फाटलं की सगळे जागा बदलतात आणि एकमेकांच्या अंगावर येतात.

वेगळं करायची वेळ

कोणी सतत तळाशी बसतोय, दोघे समोरासमोर पुढचे पाय उचलून उभे राहतायत, एखाद्याचा पाय तुटलाय, एकाचं पोट सुरकुतलंय आणि बाकीचे टुमटुमीत आहेत, यातलं एक जरी दिसलं तरी पेटी मोडायला घ्या. पाय पोटाखाली वळलेला कोळी बहुधा तहानलेला असतो. त्याला एकट्याला हलवून तोंड पाण्याच्या कडेशी टेकवा. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांना बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखे गोळे आले की तो वयात आला. त्याला काढा, नाहीतर बहिणीशीच जुगेल, आणि शंभरेक पिल्लं कुठे ठेवायची हा प्रश्न तुमचा.

रिकामे, भोकं पाडलेले डबे आधीपासून तयार हवेत, जितके कोळी तितके. माझ्याकडे दोनच होते, म्हणून पाचातला आणखी एक गेला. उरलेले चार आता चार बरण्यांत आहेत, लोणच्याच्या. झाकणं आईने दिली, भोकं मी पाडली, आणि बरण्या परत मिळणार नाहीत हे तिला अजून सांगितलेलं नाही.